अंगठा दाबला की यादीच उघडायली: हळदीच्या पेढीवरच्या ट्रॅकबॉलचं प्रकरण

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी बोलत होते. "अरे, काल काय करून ठेवलाईस मशीनला? अंगठा दाबला की यादीच उघडायली." मी अजून चहा पण घेतला नव्हता. म्हटलं अण्णा, यादी म्हणजे कसली यादी, तर म्हणाले "ती कट कॉपी पेस्टची रे", म्हणजे राइट क्लिकचा मेनू. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "वरचं बटन दाबलं की आकडे आपोआप पडायलेत." ते ऐकून मात्र मी चहा तसाच ठेवला आणि विश्रामबागेतनं गाडी काढली, कारण पेढीवर आकडे आपोआप पडायला लागले तर संध्याकाळी शेतकऱ्यापुढं तोंड दाखवायची सोय राहत नाही.

काल म्हणजे रविवारी, यार्ड बंद असताना, मी त्या मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टीम) २०.०४ वरनं २२.०४ वर नेलं होतं. ही गोष्ट २०२५ च्या जूनमधली. २०.०४ चा पाच वर्षांचा नेहमीचा सपोर्ट मे अखेर संपला होता, म्हणजे सिक्युरिटी अपडेट बंद, आणि त्या मशीनवर ब्राउझरमधनं बँक पण उघडतात, त्यामुळं तसंच चालू ठेवणं मला पटत नव्हतं. डायरेक्ट २४.०४ वर उडी मारता येत नाही, मधली पायरी घ्यावीच लागते. पेढीवर लिनक्स कशाला असं कोणी विचारेल, तर तिथं दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागायचे आणि दर दोन महिन्यांनी व्हायरस काढायला मीच जायचो, शेवटी कंटाळून २०२० मध्ये मीच ते बसवलं. लिब्रेऑफिस आणि ब्राउझर, एवढ्यावर त्यांचं काम भागतं.

आता त्या ट्रॅकबॉलची कथा आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

दिवाणजींचा उजवा हात पेनाचा आहे. सत्तरीला आलेत, पण शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर हे सगळं आधी वहीत आणि मग मशीनमध्ये, हा क्रम ते काही केल्या सोडत नाहीत (आणि या प्रकरणात त्या वहीनंच वाचवलं, ते पुढं येतंय). पेन खाली ठेवायचं, माउस धरायचा, माउस सोडायचा, पेन उचलायचं, हे दिवसातनं शंभरदा कोण करणार. म्हणून मशीन डाव्या हातानं. त्यात टेबलावर माउस फिरवायला वीतभर पण जागा नाही, एकीकडं वह्या, एकीकडं पट्टीबुकं, मध्ये हळकुंडाच्या नमुन्याची ताटली. म्हणून मी त्यांना एक मोठा ट्रॅकबॉल दिला होता, मध्ये गोळा, भोवती स्क्रोलची कडी आणि चार कोपऱ्यांना चार बटनं. वस्तू जागची हलत नाही, नुसता गोळा फिरवायचा. डावा हात त्याच्यावर ठेवला की अंगठा येतो खालच्या उजव्या बटनावर.

आणि गोम इथंच आहे. तो ट्रॅकबॉल कारखान्यातनं येतो तेव्हा खालचं डावं बटन साधं क्लिक, खालचं उजवं म्हणजे राइट क्लिक, वरचं डावं म्हणजे मधलं बटन आणि वरचं उजवं म्हणजे ब्राउझरमध्ये मागं जायचं. उजव्या हाताच्या माणसाला हे बरोबर पडतं. दिवाणजींना अंगठ्याखाली साधं क्लिक पाहिजे होतं, म्हणून खालची दोन मी उलटी केली, आणि वरची दोन पण त्यांच्या बोटांच्या हिशोबानं बदलली: वरचं उजवं मधल्या बटनासारखं, वरचं डावं मागं जायला. मधल्या बटनाचं त्यांना फार कौतुक होतं. लिनक्समध्ये एखादा मजकूर नुसता निवडला की तो बाजूला धरून ठेवलेला असतो आणि मधलं बटन दाबलं की दुसऱ्या जागी उतरतो, कॉपी म्हणायला लागत नाही, पेस्ट म्हणायला लागत नाही. एकाच गावचे दहा शेतकरी आले की गावाचं नाव ते असंच टाकत जायचे.

हे सगळं मी तेव्हा एका ओळीत केलं होतं. एक्सइनपुट नावाची कमांड आहे, तिला यंत्राचं नाव द्यायचं आणि पुढं बटनांचे नवे नंबर द्यायचे. एक्स म्हणजे लिनक्सवर खिडक्या आणि माउस सांभाळणारा जुना कारभारी, त्याच्या हिशोबात १ म्हणजे डावं, २ मधलं, ३ उजवं, ४ ते ७ म्हणजे चाक वर खाली आणि आडवं, ८ म्हणजे मागं, ९ म्हणजे पुढं. माझी ओळ होती "३ ८ १ ४ ५ ६ ७ २ ९". लॉगिन झालं की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत ती टाकून दिली आणि पाच वर्षं विसरून गेलो. विसरून गेलो हेच खरं मूळ आहे या सगळ्याचं, अपग्रेड करायच्या आधी मी त्यांच्या फायली, फॉन्ट, प्रिंटर, मराठी कीबोर्ड सगळं तपासलं, ती एक ओळ सोडून.

पेढीवर पोचलो तर दिवाणजी वहीतच लिहीत बसलेले, मशीन बाजूला. झालं असं होतं की ते सवयीनं वरचं डावं बटन मागं जायला दाबत होते आणि आता तिथं पेस्ट होत होतं. एका शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत पोत्यांच्या खान्यात दर चिकटला होता, म्हणजे पंचवीस पोत्यांच्या जागी हजारातला आकडा. हमाली आणि तोलाई पोत्यावर असल्यानं कपातच एवढी मोठी निघाली की शेतकऱ्यालाच पैसे द्यायला लागतील. वहीशी ताळा घेताना त्यांना ते दिसलं म्हणून बरं. आणि वरचं उजवं बटन पेस्ट करायला दाबलं की ब्राउझर मागच्या पानावर जायचा, अर्धा भरलेला फॉर्म गायब. मला वाटलं होतं एक बटन बिघडलंय, इथं चारही बटनं आपापलं काम सोडून दुसऱ्याचं करत होती.

तरी माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? हळद. यार्डात बसलेल्या माणसाला सगळ्या रोगाचं मूळ हळद वाटतं. कीबोर्ड अडकला, हळद. पंखा आवाज करतोय, हळद. आणि खोटं पण नाही ते, राजापुरी हळदीची पोती समोर उघडी असली की दुपारपर्यंत टेबलावर पिवळी साय धरते, मशीनचं कव्हर उघडलं की आत सगळं हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखं. म्हणून मी ट्रॅकबॉल उलटा केला, गोळा काढला, खाली ज्या तीन बारीक टेकूंवर तो फिरतो तिथला पिवळा गाळ काडीनं काढला, बटनांच्या फटीत हवा मारली. अर्धा तास गेला. गोळा मस्त लोण्यासारखा फिरायला लागला आणि अंगठा दाबला की यादीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शांतपणे दोन मिनिटं विचार केला असता तर कळलं असतं की शनिवारी संध्याकाळपर्यंत चारही बटनं नीट होती, रविवारी मी अपग्रेड केलं, सोमवारी चारही एकदम बिघडली. हळद काय मुहूर्त बघून बसत नाही.

मग ती जुनी ओळ आठवली. टर्मिनल उघडून हातानं चालवून बघितली, तर म्हणते असं यंत्रच सापडत नाही. यंत्रांची यादी मागितली तर त्यात ट्रॅकबॉलचं नावच नाही, नुसतं एक्सवेलँड पॉइंटर आणि असंच काहीबाही. वर एक सूचना पण आली की तुम्ही हे एक्सवेलँडवर चालवताय. ही सूचना मी वाचली आणि सोडून दिली, हे आता लिहिताना लाज वाटते, कारण अख्खं उत्तर त्या एका ओळीत होतं. मी उलट सेटिंग्जमध्ये गेलो. तिथं माउसच्या पानावर मुख्य बटन डावं की उजवं असा एक पर्याय आहे, तो उजवा केला. अंगठ्याचं काम झालं! दिवाणजी खूश. पाचच मिनिटांत आतनं शेठचा मुलगा ओरडला, माझ्या माउसला काय झालं म्हणून, त्याच मशीनला त्याचा एक साधा माउस पण लावलेला असतो आणि तो सेटिंगचा पर्याय एका यंत्रापुरता नसतो, सगळ्या माउसना लागतो, म्हणून तो परत डावा केला. शिवाय वरची दोन बटनं तशीच राहिली, त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये काहीच नाही.

शेवटी दुपारी एक वाजता एक सोपा रस्ता सापडला. लॉगिनच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात चाकाचं चिन्ह असतं, त्यात "उबुंटू ऑन एक्सऑर्ग" निवडलं (एक्सऑर्ग म्हणजे तोच जुना एक्स) आणि आत आलो. जुनी ओळ आपोआप चालली, चारही बटनं जागेवर. इथं मला उलगडा झाला की नेमकं काय बदललंय. २०.०४ मध्ये त्याच चाकाखाली "उबुंटू" आणि "उबुंटू ऑन वेलँड" असे दोन पर्याय होते (वेलँड म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत), साधं "उबुंटू" म्हणजे एक्सऑर्ग. २२.०४ मध्ये साधं "उबुंटू" म्हणजे वेलँड झालं आणि एक्सऑर्गला वेगळं नाव मिळालं. पाटी तीच, आतला कारभारी बदलला. आम्ही काहीच निवडलं नव्हतं, मशीननं जुन्या सवयीनं "उबुंटू" धरलं आणि वेलँडमध्ये नेऊन सोडलं.

थोडं खोलात सांगतो कारण इथं बरेच जण अडकतात. एक्स ११ हे १९८७ सालचं आहे, त्या काळात एका स्क्रीनवरचे सगळे प्रोग्राम एकमेकांच्या ओळखीचे समजले जायचे, त्यामुळं कुठलाही प्रोग्राम एक्स सर्व्हरला सांगू शकतो की अमुक माउसचं बटन १ आता ३ समज. माझी ओळ तेच करत होती. वेलँड २००८ मध्ये सुरू झालं, त्यात माउस कीबोर्डचा कारभार डेस्कटॉपच्याच ताब्यात, बाहेरच्या प्रोग्रामला तिथं हात घालू देत नाहीत, दुसऱ्याच्या खिडकीत काय टाइप होतंय हे चोरून वाचता येऊ नये असाही त्यात हेतू आहे. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून आत एक छोटा एक्स सर्व्हर ठेवलाय, तोच एक्सवेलँड, पण त्याला खरा माउस दिसतच नाही, त्याच्यापर्यंत क्लिक पोचतं ते आधीच वरनं गाळून. म्हणजे माझी ओळ अशा माणसाला हुकूम देत होती ज्याच्या हातात काही नाही. दोष ना ट्रॅकबॉलचा ना उबुंटूचा, माझं जुनं जुगाड ज्या खुंटीला टांगलेलं होतं ती खुंटीच तिथं राहिली नव्हती.

बरं, एक्सऑर्गवर चालतंय ना, मग मिटलं, म्हणून मी सोमवारी घरी आलो.

मंगळवारी परत फोन. परत यादी. गेलो तर कळलं, सकाळी झाडणाऱ्या मावशींच्या केरसुणीत वायर अडकून ट्रॅकबॉल निघाला होता, दिवाणजींनी परत खोचला आणि बटनं परत मूळपदावर. माझी ओळ लॉगिनच्या वेळी एकदाच चालते, यंत्र काढून परत लावलं की एक्सच्या दृष्टीनं ते नवं यंत्र, त्याला जुन्या नेमणुका माहीत नसतात. मी म्हटलं अण्णा, हे तर मग आधी पण होत असणार? तर म्हणाले, "व्हय की. पहिल्यापासनंच व्हायचं. मी आपला लॉगआउट करून परत यायचो. तुला कशाला फोन करायचा त्येच्यासाठी." पाच वर्षं! पाच वर्षं माझं काम अर्धंच झालेलं होतं आणि तो माणूस निमूट लॉगआउट करत होता. वायर निघाली, लॉगआउट. परत निघाली, परत लॉगआउट. मी मात्र मनात समजत होतो की आपण एका ओळीत काय भारी काम केलंय.

म्हणजे एक्सऑर्ग हा काही रस्ता नव्हे. शिवाय त्याचे दिवस पण भरत आलेत, पुढं २५.१० मध्ये उबुंटूनं तो पर्याय काढूनच टाकला. आता काहीतरी मुळात करायचं होतं, पण कुठं, हे कळेना. टेबलाशी बसून मी आपला दिवाणजींना समजवत होतो की अण्णा, तुम्ही बटन दाबता ते डायरेक्ट पट्टीत जात नाही, मध्ये चार ठिकाणं आहेत, आधी कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, मग लिबइनपुट म्हणजे माउस कीबोर्डचे दाब वाचणारा भाग, मग डेस्कटॉप, मग तुमचं लिब्रेऑफिस. त्यांनी पेन कानावर ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे पोतं गाडीतनं उतरतंय, काट्यावर जातंय, सौद्याला लागतंय, मग पट्टी होती, तसं. मग तू पट्टी काय बघत बसलाईस कालपासनं? काट्यावरची नोंद बघ की आधी."

दोन दिवसांत कुणी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं.

काट्यावरची नोंद म्हणजे एव्हटेस्ट. हा छोटा प्रोग्राम आहे, रिपॉझिटरीतनं बसवता येतो, सुडो लावून म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालवायचा, तो सगळ्या यंत्रांची यादी दाखवतो, त्यातला ट्रॅकबॉलचा नंबर द्यायचा आणि मग एकेक बटन दाबत जायचं. कर्नलकडं जे आलं ते जसंच्या तसं दिसतं, डेस्कटॉप एक्स असो की वेलँड. प्रत्येक दाबाला दोन ओळी कामाच्या असतात, एका ओळीत यंत्रानं पाठवलेला कच्चा कोड आणि दुसरीत कर्नलनं त्याला दिलेलं नाव. दिवाणजी दाबत गेले, मी वाचत गेलो आणि त्यांनीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. खालचं डावं: कच्चा कोड ९०००१, नाव बीटीएन लेफ्ट (बीटीएन म्हणजे बटन), नंबर २७२. खालचं उजवं: ९०००२, बीटीएन राइट, २७३. वरचं डावं: ९०००३, बीटीएन मिडल, २७४. वरचं उजवं: ९०००४, बीटीएन साइड, २७५. दाबलं की १, सोडलं की ०. चारही बटनांची नोंद चोख. म्हणजे ट्रॅकबॉल ठणठणीत, वायर ठणठणीत, कर्नल ठणठणीत, आणि माझा सोमवारचा साफसफाईचा अर्धा तास पाण्यात.

अगदीच पाण्यात नाही म्हणा. वरच्या डाव्या बटनाला एक गंमत दिसली, एकदा दाबलं तरी कधी कधी दाब, सोड, दाब, सोड असं दोनदा उमटायचं, आणि वेळ बघितली तर दोन्हीत काही मिलिसेकंदांचाच फरक. हा खरा स्विचचा रोग आहे, आतला पत्रा थरथरतो, आणि इथं हळदीवर संशय घ्यायला जागा आहे. मग लिबइनपुटची डिबग इव्हेंट्स नावाची कमांड चालवून तेच बटन दाबलं तर तिथं एकच क्लिक. लिबइनपुट अशी थरथर स्वतःच गाळून टाकतं, म्हणून दिवाणजींना हा त्रास कधी जाणवलाच नव्हता.

तर आता प्रश्न असा की बदल करायचा कुठं. एक्सच्या पातळीवर करून बघितला, टिकला नाही. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये केला, दुसऱ्याचा माउस बिघडला. मग काट्यावरच का करू नये? म्हणजे कर्नलनं ९०००२ या कोडला राइट म्हणण्याऐवजी लेफ्टच म्हणायचं. मग वर एक्स असू दे, वेलँड असू दे, उद्या तिसरं काही येऊ दे, सगळ्यांना तेच ऐकू येणार. आणि याची सोय लिनक्समध्ये आहे, युडेव्ह म्हणजे यंत्र खोचलं की त्याची दखल घेणारा भाग, त्याची हार्डवेअरची एक वही असते, एचडब्ल्यूडीबी म्हणतात, मुख्यतः लॅपटॉपच्या विचित्र कीबोर्डांसाठी वापरतात, पण माउसच्या बटनांना पण तीच चालते. यंत्र खोचलं की युडेव्ह त्या वहीत बघतो आणि कर्नलला सांगतो की या मॉडेलचा अमुक कोड म्हणजे अमुक बटन.

इटीसीच्या आत युडेव्ह, त्याच्या आत एचडब्ल्यूडीबी डॉट डी नावाचा फोल्डर असतो, तिथं मी स्वतःची एक फाइल केली, नावाच्या शेवटी डॉट एचडब्ल्यूडीबी लागतं. पहिल्या ओळीत यंत्राची ओळख: सुरुवातीला एव्हडेव्ह आणि इनपुट हे दोन शब्द, प्रत्येकापुढं कोलन, मग बी ०००३ म्हणजे यूएसबी, मग व्ही आणि कंपनीचा चार अक्षरी कोड, मग पी आणि मॉडेलचा चार अक्षरी कोड, शेवटी तारा. हे दोन कोड एलएसयूएसबी ही कमांड दाखवते. खाली चार ओळी, प्रत्येकीत कीबोर्ड की, अंडरस्कोर, कच्चा कोड, बरोबरचं चिन्ह आणि नवं नाव. ९०००१ ला बीटीएन राइट, ९०००२ ला बीटीएन लेफ्ट, ९०००३ ला बीटीएन साइड, ९०००४ ला बीटीएन मिडल, ही नावं इथं स्मॉल अक्षरात आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. मग सिस्टमडी एचडब्ल्यूडीबी अपडेट चालवलं, म्हणजे वहीची नवी प्रत बांधली, आणि ट्रॅकबॉल काढून परत खोचला.

काहीच नाही. तसंच यादी.

इथं माझा पाऊण तास गेला आणि चूक ऐकाल तर हसाल. एलएसयूएसबी कोड दाखवते त्यात इंग्रजी अक्षरं स्मॉल असतात, आणि या वहीच्या पहिल्या ओळीत तीच अक्षरं कॅपिटल लागतात. जुळत नसेल तर ती काही तक्रार पण करत नाही, गप्प बसते. आणि कोडाच्या चार ओळी, प्रत्येकीच्या आधी एक जागा मोकळी सोडावीच लागते, ती मी पहिल्या प्रयत्नात दोन ओळींना सोडली नव्हती. दोन्ही दुरुस्त केलं, परत अपडेट, परत वायर काढून खोचली, आणि एव्हटेस्ट लावून दिवाणजींना म्हटलं, दाबा अंगठा. ९०००२ आलं आणि पुढं बीटीएन लेफ्ट, २७२! कच्चा कोड जुनाच, नाव नवं. मी खुर्चीतनं उठलोच.

दिवाणजी ब्राउझरवर गेले, अंगठा दाबला, यादी उघडली.

मी खरंच डोक्याला हात लावला. एव्हटेस्ट लेफ्ट म्हणतोय आणि स्क्रीनवर राइट क्लिक. पण यावेळी पट्टी बघत बसलो नाही, एकेक टप्पा वर गेलो, कर्नल बरोबर, लिबइनपुट बरोबर, म्हणजे घोळ त्याच्या वर, म्हणजे डेस्कटॉप, आणि डेस्कटॉपवर थोड्या वेळापूर्वी कुणी काय केलं होतं? फाइल चालेना म्हणून मीच मुख्य बटन परत उजवं करून ठेवलेलं! फाइलमधली चूक सापडल्याच्या नादात ते परत डावं करायचं राहूनच गेलं, शेठचा मुलगा बिचारा तोवर उलटा माउस वापरत होता. खाली एकदा उलटं केलं, वर एकदा उलटं, म्हणजे झालं सुलटं. सेटिंग परत डावं केलं, आपोआप चालणाऱ्या यादीतली ती जुनी ओळ काढून टाकली (ती ठेवली असती तर कुणी कधी एक्सऑर्गमध्ये शिरला की परत उलटापालट), चाकाखाली साधं "उबुंटू" निवडलं, मशीन बंद करून चालू केलं.

चारही बटनं जागेवर. आणि एक गोष्ट मी अपेक्षाच केली नव्हती, लॉगिनच्या स्क्रीनवर पण अंगठ्यानं क्लिक झालं. दिवाणजी लगेच म्हणाले, "हे पूर्वी होत नव्हतं. नावावर क्लिक करायला मला बोट त्या कडंला न्यायला लागायचं." बरोबरच आहे, जुनी ओळ लॉगिननंतर चालायची, आता बदल यंत्र खोचल्या क्षणीच होतो, माणूस कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मावशींच्या केरसुणीची चाचणी आम्ही मुद्दाम घेतली, वायर चार वेळा काढून लावली.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती मॉडेलवर चालते, म्हणजे पेढीवर त्याच मॉडेलचा दुसरा ट्रॅकबॉल कुणी लावला तर तो पण डावखुराच होणार. आणि एका प्रोग्राममध्ये एक काम, दुसऱ्यात दुसरं, असं यात जमत नाही, कर्नलला प्रोग्राम कुठला हे माहीतच नसतं. ज्याला तसं पाहिजे त्यानं दुसरं साधन बघावं, दिवाणजींना पाहिजे नव्हतं. फाइलमध्ये वर मी टिपणीच्या ओळीत तारीख आणि कारण मराठीतच लिहून ठेवलंय, पाच वर्षांनी विसरणार तो मीच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते मशीन २४.०४ वर नेलं. सोमवारी साडेनऊपर्यंत फोन आला नाही, दहापर्यंत आला नाही, मग मलाच राहवेना, यार्डात दुसरं काही काम नव्हतं तरी गेलो. दिवाणजी उजव्या हातानं वहीत लिहीत होते आणि डाव्या हातानं पट्टी भरत होते, मान वर न करता म्हणाले, "का रं, आज फोन न करताच आलास?" म्हटलं असंच, बटनं बघायला. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं, चार कोड, चार नावं, आणि खाली त्यांच्या अक्षरात पाचवी ओळ: वरचं डावं दोनदा वाजतं, स्विच बदलायचा, बाकी. तेवढं मात्र माझ्याकडनं अजून झालेलं नाही.